रुग्णाची मुखत्यारी : एक प्रस्तावना

आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांनी चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या चौघांच्या अंगी कोणते गुण असले म्हणजे रोग हटतो, याच्या याद्याही त्या ग्रंथांत दिलेल्या आहेत. आणि त्यांतील रुग्णाच्या गुणांची यादी तीन ग्रंथकारांकडून घेऊन शेजारी शेजारी ठेवली, तर एक तफावत ध्यानात आल्यावाचून राहत नाही. चरकाने रुग्णाकडून स्मरणशक्ती, वैद्याच्या सांगण्याबाहेर न जाण्याची वृत्ती, निर्भयता आणि आपली व्यथा नेमकी सांगण्याचे सामर्थ्य एवढ्यांचीच अपेक्षा केली. सुश्रुताने आणि पुढे वाग्भटाने मात्र रुग्ण द्रव्यसंपन्न असावा, अशी तीत भर घातली. ही भर त्यांनी कठोरपणाने घातली असे मानण्याचे कारण नाही. औषधी, पथ्य, शुश्रूषेला माणूस आणि आजारपणात बुडणारी मिळकत हा सारा खर्चाचा मामला असून ज्याला तो झेपत नाही त्याच्या बाबतीत वैद्याची विद्या अर्ध्या वाटेवर थांबते, हा अनुभव त्यांनी सरळपणे नमूद केला, इतकेच. चरकानेच अन्यत्र वैद्यांचे प्रकार सांगताना, औषधांची भांडी, पोथ्या आणि पाहण्याची ढब एवढ्या भांडवलावर वैद्य म्हणून मिरवणारे, तसेच नामांकित वैद्यांशी आपला संबंध सांगून त्यांच्या लौकिकावर निर्वाह करणारे, असे दोन वर्ग खऱ्या वैद्यापासून वेगळे काढले आहेत. रुग्णाच्या गाठीला पैसा किती, आणि समोर बसलेल्या माणसाची पारख करण्याचे त्याच्याजवळ साधन कोणते, हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने आपल्याकडे फार जुने आहेत. ते परस्परांत किती गुंतलेले आहेत, याचा विचार मात्र व्हावा तितका झालेला नाही, आणि या विषयात प्रवेश करू इच्छिणाऱ्या वाचकाला त्या गुंत्यापाशी आणून सोडणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाचा निकाल लावण्याची एक मोठी संधी आपल्याला लाभली होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल सादर करणाऱ्या समितीने, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही व्यक्तीला पुरेशी वैद्यकीय मदत नाकारली जाऊ नये, हे तत्त्व आपल्या योजनेच्या मुळाशी ठेवले. ते तत्त्व पूर्णांशाने अमलात आले असते, तर वैद्य निवडण्याचा प्रश्न उरला असता तो केवळ सोयीचा आणि पसंतीचा. प्रत्यक्षात सरकारी आणि खाजगी अशा दोन व्यवस्था शेजारी शेजारी वाढल्या, आणि त्यांच्यामधून वाट काढण्याची जबाबदारी रुग्णावर येऊन पडली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, उपचार घेतलेल्या आजारपणांपैकी शेकडा सुमारे ३० आजारपणांतच लोक सरकारी दवाखान्यात गेल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर बाळंतपण वगळता होणारा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये असल्याचेही त्याच पाहणीत नमूद आहे. सातपट महाग असलेल्या दाराकडे इतके लोक का वळतात, या प्रश्नाला ‘लोकांना समजत नाही’ असे उत्तर देण्याची सुशिक्षितांची वहिवाट आहे. ते उत्तर मला अन्यायाचे वाटते, आणि वस्तुस्थितीशी त्याचा मेळही बसत नाही.

उत्पन्नाची बाजू आधी पाहू. रुग्णाला उपचाराची जी किंमत पडते, तिच्यात डॉक्टरची फी हा पुष्कळदा लहान हिस्सा असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. तरीही वाडीवरचा मजूर तेथे जाण्याआधी जो हिशेब करतो तो बदलला नाही, कारण त्या हिशेबात फीची रक्कम मुळातच अल्प होती. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी मुलखात साधारण तीस हजार वस्तीमागे एक असावे, असा शिरस्ता आहे. म्हणजे बहुसंख्य गावांना ते परगावी. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि रोजंदारीची वेळ एकच. तेथे जायचे म्हणजे रोज बुडवायचा, सोबत येणाऱ्याचाही रोज बुडवायचा, एस.टी.चे भाडे भरायचे, रांगेत उभे राहायचे, आणि एवढे करून डॉक्टर मीटिंगला गेलेले असले किंवा औषध शिल्लक नसले, तर बाहेरून आणण्यासाठी चिठ्ठी घेऊन परतायचे. याउलट गावातला किंवा बाजारगावातला खाजगी दवाखाना सायंकाळी दिवेलागणीनंतर उघडा असतो, पाच मिनिटांत पाहणे होते, इंजेक्शन मिळते, गोळ्यांच्या पुड्या तेथेच बांधून मिळतात, आणि हातात पैसे नसले तर डॉक्टर वहीत नाव लिहून घेतो. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुगी झाल्यावर किंवा मजुरीचा चुकारा मिळाल्यावर पैसे फेडण्याची मुभा ज्या दवाखान्यात आहे तो दवाखाना, ज्याच्यापाशी रोख रक्कम वर्षातून ठराविक वेळीच येते अशा माणसाच्या दृष्टीने, फुकटच्या दवाखान्याहूनही स्वस्त ठरू शकतो. उत्पन्न किती, या प्रश्नाइतकाच ते केव्हा हाती येते हा प्रश्न या निवडीत निर्णायक असतो. आणि वार्षिक उत्पन्नाचा दाखला मागणाऱ्या सरकारी योजनांना नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

या विषयाच्या अर्थशास्त्रीय अभ्यासांत पॉल गर्टलर आणि जॅक व्हान डेर गाग यांनी पेरू आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांविषयी १९९० साली प्रसिद्ध केलेले संशोधन पायाभूत मानले जाते. फी वाढली असता सधन माणसाचे वर्तन फारसे बदलत नाही, आणि गरीब मात्र उपचारापासूनच दूर सरतो, हा त्यांचा निष्कर्ष आज उघड वाटेल. पण त्या काळी गरीब देशांनी सरकारी दवाखान्यांत फी आकारावी असा सल्ला मोठ्या वजनाने दिला जात होता, आणि सर्वांसाठी एकच असलेली फी सर्वांवर सारखी पडत नाही, हे आकड्यांनी दाखवण्याची गरज होती.

आता माहितीकडे वळू. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या एका निबंधात, वैद्यकीय सेवेचा बाजार अन्य बाजारांसारखा का चालत नाही याची जी मीमांसा केली, तिच्यापासून या चर्चेला शास्त्रीय रूप आले. बाजारात भाजी घेणारा ती हातात घेऊन पाहतो. धान्य वाईट निघाले तर पुढच्या आठवड्यात तो दुकान बदलतो. रुग्णाला उपचार आधी पाहता येत नाही, आणि अनेकदा नंतरही त्याची पारख करता येत नाही. ताप उतरला तो औषधाने की आपोआप, ऑपरेशन आवश्यक होते की टाळता आले असते, सलाईनच्या बाटलीत औषध होते की नुसते मीठपाणी, याचा उलगडा त्याला आयुष्यभर होत नाही. नित्याचे बहुतेक आजार चार-सहा दिवसांत स्वतःहून शमतात, आणि त्या दिवसांत ज्याच्याकडे तो शेवटी गेला त्याचा हातगुण गावात गाजतो. शिवाय काय हवे हे ठरवणारा आणि ते विकणारा एकच असतो. विकणाऱ्याच्या सांगण्यावरून गरज ठरावी अशी अवस्था मनुष्यजीवनात क्वचितच येते, आणि येथे ती येते तेव्हा माणूस भ्यालेला असतो.

असे असूनही रुग्ण डोळे मिटून बसत नाही. शेजारणीला कुठे गुण आला, औषधाच्या दुकानातला मुलगा काय सांगतो, कोणत्या दवाखान्याबाहेर जास्त चपला पडलेल्या असतात, पाटीवर एम.डी. आहे की नुसतेच ‘डॉक्टर’, डॉक्टर रोग्याला हात लावून तपासतो की लांबूनच गोळ्या लिहितो, अशा खुणांवरून तो आपले मत बनवतो. या खुणा अपुऱ्या आहेत, निरर्थक नाहीत. टांझानियातील ग्रामीण रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या केनेथ लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की जवळचे केंद्र ओलांडून दूरच्या केंद्रात जाणारे लोक पुष्कळदा खरोखरीच चांगल्या सेवेच्या शोधात जात असतात. आपल्याकडे जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात एक विलक्षण परीक्षा घेतली. ठराविक लक्षणे पाठ करवलेल्या प्रशिक्षित व्यक्तींना त्यांनी रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवले, आणि सरकारी नोकरीत असून खाजगी व्यवसायही करणाऱ्या डॉक्टरांकडे ते दोन्ही ठिकाणी गेले. तोच डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात अधिक वेळ देतो, अधिक प्रश्न विचारतो आणि योग्य उपचार सुचवण्याचा संभवही तेथे अधिक असतो, असे त्यांना दिसले. अनावश्यक औषधांचा भडिमार मात्र दोन्हीकडे होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने सरकारी दवाखाना सोडून जाणाऱ्या खेडुताच्या पदरी एक मोठी साक्ष घातली, असे मला वाटते. आपल्याला तेथे नीट पाहत नाहीत, ही त्याची तक्रार खरी होती.

परंतु जी पारख डॉक्टरची आस्था ओळखू शकते, ती त्याचे ज्ञान ओळखू शकत नाही, आणि येथेच गरिबाचा खरा घात होतो. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टी भागातील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न धारावीतील १०६ डॉक्टरांना विचारला, तेव्हा बिनचूक चिठ्ठी लिहिणारे निघाले अवघे ६. क्षयाचे औषध सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. तेव्हा धारावीतला कामगार आपल्या गल्लीतल्या त्या डॉक्टरला पैसे देत होता ते चुकीच्या औषधासाठी, आणि बरोबर औषध फुकट मिळण्याचे ठिकाण फार दूर नव्हते. त्याचा डॉक्टर प्रेमळ असेल, रात्री-अपरात्री दार उघडणारा असेल, मुलांची नावे लक्षात ठेवणारा असेल. या साऱ्या गुणांची पारख त्या कामगाराने अचूक केली होती. चिठ्ठीवरील चार औषधांची मात्रा आणि मुदत यांची पारख करण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नव्हते, आणि अर्धवट उपचाराने औषधाला न जुमानणारा क्षय फैलावतो, ही किंमत त्याच्यासह साऱ्या वस्तीला मोजावी लागली.

पैसा असला म्हणजे ही अडचण मिटते, अशी एक समजूत मध्यमवर्गात दृढ आहे. तिला धक्का देणारा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, मिळतो. देशातील सरकारी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी शेकडा १४.३ सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. खाजगी रुग्णालयांत हेच प्रमाण शेकडा ४७.४ होते. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रियांची प्रकृती इतकी निराळी असते, असे कोणी म्हणणार नाही. उत्पन्न वाढले म्हणजे अधिक उपचार विकत घेण्याची ऐपत वाढते. त्यांतला कोणता आवश्यक होता हे कळण्याची शक्ती तिच्याबरोबर आपोआप येत नाही. गरिबाच्या वाट्याला उपचार कमी पडतो आणि ऐपतदाराच्या वाट्याला पुष्कळदा तो प्रमाणाबाहेर येतो, आणि या दोन्ही दुःखांचे मूळ एकाच ठिकाणी आहे.

ते मूळ उघडे करून दाखवणारे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतो आणि हंगामापूर्वी त्या कोयत्याला उचल देतो. ती उचल हंगामभर राबून फेडायची असते. एखाद्या दिवशी काम चुकले तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड मजुरीतून कापला जातो. जोडीतले एक माणूस बसले की दुसऱ्याचेही काम अडते. फडाशेजारच्या कोपीत मोरी नाही, शौचाला आडोसा नाही, पाणी दूरवरून आणायचे. पहाटे अंधारात उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि हे पाळीतही, गरोदरपणातही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास होणे यात नवल ते काय? हंगाम संपल्यावर ती बाई तालुक्याच्या गावातील खाजगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. पिशवी खराब झाली आहे, तशीच ठेवली तर कॅन्सर होईल, असे तिला सांगितले जाते. आणि मुले झालेली आहेत, आता पिशवीचे काम काय, असेही सांगितले जाते.

आता तिच्या जागी बसून हिशेब करावा. औषधे घ्यायची तर पुन्हा पुन्हा यावे लागणार, प्रत्येक फेरीला फी आणि भाडे. मधेच हंगाम सुरू होणार आणि फडावर दवाखाना नाही. पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा दरमहाचा. ऑपरेशनचा खर्च मोठा खरा, पण तो एकदाचा, आणि उचलीतून किंवा सावकाराकडून उभा करता येण्याजोगा. शिवाय कॅन्सरची भीती. दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे असा सल्ला सुशिक्षित माणूस सहज देईल. तिच्यासाठी तो सल्ला म्हणजे जिल्ह्याच्या सिव्हिलची एक निराळी खेप, अनोळखी खिडक्या, आणि कदाचित ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर. तिच्यापाशी जेवढा पैसा होता आणि तिला जेवढे सांगितले गेले होते, त्यांच्या मर्यादेत तिने केलेला निर्णय विचारपूर्वक होता. २०१९ साली हे प्रकरण गाजल्यावर शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींत एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशभरच्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. तिशीत गर्भाशय आणि त्याच्यासोबत कित्येकींच्या अंडाशयाचीही क्रिया गेली म्हणजे हाडे, हृदय आणि मन यांवर काय परिणाम होतो, हे त्यांच्यापैकी किती जणींना आधी सांगितले गेले असेल?

या उदाहरणात पैशाची टंचाई आणि माहितीची टंचाई अशा दोन वेगळ्या गोष्टी दाखवता येत नाहीत. खाड्याच्या धास्तीने तिला दुसरे मत घेण्याची सवड ठेवली नाही, आणि दुसरे मत नसल्यामुळे तिचे कर्ज वाढले. मात्र याहूनही एक गोष्ट मला अधिक मूलभूत वाटते. तिला माहिती मुळीच मिळाली नाही असे नाही. सोनोग्राफीच्या चित्रासकट मिळाली. ती माहिती देणाऱ्याचे उत्पन्न तिने ती माहिती मान्य करण्यावर अवलंबून होते. रुग्णांना माहिती द्या, त्यांच्यात जागृती करा, असे आपण म्हणतो तेव्हा माहितीचे प्रमाण तेवढे मोजतो. ती कोणाच्या तोंडून येते आणि तिच्या स्वीकाराने कोणाच्या खिशात काय पडते, हे विचारत नाही. या विषयाच्या अभ्यासकाने सर्वप्रथम विचारायचा प्रश्न माझ्या मते हाच आहे.

हा प्रश्न विचारल्याने सबंध वैद्यकव्यवसायावर ठपका ठेवल्यासारखे होते, असे कोणी समजू नये. रुग्ण पाठवणाऱ्याला मिळणाऱ्या टक्केवारीची प्रथा, जिला व्यवसायात ‘कट’ म्हणतात, तिच्याविरुद्ध सर्वांत कळकळीने बोललेले लोक डॉक्टरच आहेत; डॉ. अरुण गद्रे यांच्या ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात अशा अनेकांची साक्ष नोंदलेली आहे. कट न देणाऱ्या तज्ज्ञाकडे रुग्ण येणे बंद होते, महागड्या यंत्राचे हप्ते थकतात, आणि प्रामाणिक राहण्याचा दंड त्याला दरमहा भरावा लागतो. ही प्रथा बंद करण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. रुग्ण ज्या सल्ल्याला ओळखीचा आणि म्हणून विश्वासाचा समजतो, तो सल्लाच कुठे विकला गेलेला असेल, तर त्याच्या निवडीचा शेवटचा आधारही गेला.

माहिती छापून भिंतीवर लावली म्हणजे काम होते, असा एक सरकारी विश्वास आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु ज्याचा बाप स्ट्रेचरवर आहे तो मुलगा दरफलक वाचून पुढच्या रुग्णालयाकडे निघत नाही. न्यूयॉर्क राज्यात हृदयशस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण शल्यचिकित्सकवार प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू झाल्यावर काही शल्यचिकित्सक व रुग्णालये अतिगंभीर रुग्ण टाळू लागली, असे डेव्हिड ड्रॅनोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले. म्हणजे प्रामाणिक आकडेही बाजारात शिरल्यावर दुर्बळाच्या विरुद्ध फिरू शकतात.

हक्कांची माहिती हा याच प्रकरणाचा आणखी एक पोटभाग. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक या कलमान्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या आहेत. मुंबई-पुण्यातील कित्येक आलिशान रुग्णालये या तरतुदीखाली येतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर गेली, २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि संरक्षणाची मर्यादा नंतर पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आली. कागदावर पाहता गरिबाचे निवडीचे क्षेत्र यामुळे अपार विस्तारले. प्रत्यक्षात डिपॉझिटच्या खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, एक्स-रे आणि केशरी शिधापत्रिका घेऊन उभा असलेला माणूस पाहावा. हे रुग्णालय धर्मादाय आहे हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक असले तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत नसतो. दाखला असला तर ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर खोडून काढण्याचे साधन नसते. योजनेने नेमलेला आरोग्यमित्र खिडकीवर असेल आणि मनापासून काम करणारा असेल, तर सारे चित्र पालटते; अशा आरोग्यमित्रांनी कित्येक घरे कर्जातून वाचवली आहेत. त्याचे सामर्थ्य यात आहे की रुग्णाने कोणता उपचार घेतला, यावर त्याची कमाई ठरत नाही.

याच तत्त्वाचा सर्वांत सुंदर प्रयोग तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला झाला. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले आणि लवकरच ओळखले की आरोग्याची वार्ता घरात शिरायची तर ती त्या घराच्या बरोबरीच्या माणसाकडून शिरली पाहिजे. गावांनी निवडलेल्या, बहुधा अक्षरशून्य आणि पुष्कळशा दलित, स्त्रियांना त्यांनी आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आपल्या गावातील अडचणी मांडत आणि परत जात. जुलाबाला साखर-मिठाचे पाणी पुरे, सुईची गरज नाही; ही बाळंतीण मात्र आजच हलवली पाहिजे, असे सांगणारी बाई गल्लीतलीच असली, तिने स्वतः बाळंतपणे काढलेली असली, आणि सुई टोचण्याने तिला एक पैसाही मिळणार नसला, तर तिचा शब्द पदव्यांच्या पाटीहून वजनदार ठरतो. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी गावातल्या स्त्रियांच्याच हाती नवजात बालकांची काळजी सोपवून मृत्यूचे प्रमाण कसे खाली आणले, ते १९९९ साली जगापुढे आले. पुढे २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव आशाताई आल्या त्या याच विचारधारेतून. त्यांना कामागणिक तुटपुंजा मोबदला देऊन, वर्षानुवर्षे मानधनासाठी मोर्चे काढायला लावून, आपण एका अमोल विश्वासाची हेळसांड करीत आहोत, हे मला येथे स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे. ज्या बाईच्या शब्दावर रुग्ण दार निवडतो तिला कोणत्याही खाजगी दवाखान्याच्या पाकिटाचा मोह पडू नये, इतके वेतन देणे राज्याला अशक्य नाही.

अभ्यासकाला आणखी दोन बाबतींत सावध करणे आवश्यक आहे. निवडीच्या पाहण्या बहुधा जे कोणत्या तरी दारापर्यंत पोहोचले त्यांच्याच होतात. जो कुठेच गेला नाही, ज्याने अंगावर काढले, मेडिकलमधून दोन गोळ्या आणून कामाला गेला, त्याचीही एक निवड असते आणि ती या साऱ्या गणितात प्रथम मोजली पाहिजे. ती गळाली की उरलेल्या आकड्यांवरून गरिबांना उपचाराची गरज कमी भासते, असा विपरीत अर्थ निघतो. दुसरे असे की, कुटुंब हे एकच निवड करणारे मन आहे, हे गृहीतक आपल्या घरांना लागू पडत नाही. मुलासाठी तालुक्याला गाडी होते, कर्त्या पुरुषासाठी जमीन गहाण पडते, सुनेच्या दुखण्याला घरगुती काढा पुरतो, आणि म्हातारीने तर आपले दुखणे सांगायचेच नाही असा रिवाज असतो. कोणाच्या आजारावर घरातला पैसा लागतो आणि कोणाची व्यथा कोणी ऐकून घेतो, हे त्या उंबऱ्याच्या आत आधीच ठरलेले असते. म्हणून या विषयावरचे कोष्टक मांडताना कुटुंबाचे उत्पन्न आणि कुटुंबप्रमुखाचे शिक्षण एवढे दोनच रकाने ठेवून भागणार नाही. आजारी कोण होते, निर्णय कोणी केला, पैसा कोणाकडून आणि कोणत्या बोलीवर आला, आणि ‘तिकडे जा’ असे प्रथम कोणी सांगितले, हे रकाने त्यात आले पाहिजेत. शेवटच्या रकान्यासमोर आणखी एक बारीक रकाना ठेवावा: सांगणाऱ्याला त्यात काय मिळत होते.